सुती चिंध्या
पालकांना छावणी दाखवायचा दिवस होता आणि नव्या पोरांना माघार घ्यायचाही तोच शेवटचा दिवस. आज अर्जावर सही केली नाही, तर पुढचा मुक्काम थेट सीमेवर. शिंपीकाका कोरा अर्ज खिशात घालून हवालदाराच्या मागे शस्त्रागारात शिरले. तिथं त्यांचा लेक बंदूक पुसत बसला होता. “सही कर, राजा. आई जेवत नाही,” ते पुटपुटले. लेकानं बंदुकीच्या नळीत चिंधी सरकवली. हवालदार कौतुकानं म्हणाला, “काका, पोरगं डोकेबाज तुमचं. चिंध्या संपल्या, तर पठ्ठ्यानं घरून घालून आलेला शर्टच कापायला घेतला!” त्यावरची काजं काकांच्याच हातची होती. “मग घरी काय घालून येशील?” “मी येत नाहीये, बाबा.” काकांनी एक बाही कापलेला तो शर्ट हातात घेतला. “तिरकं कापू नकोस, धागे नळीत अडकतील,” ते म्हणाले आणि दुसरी बाही सरळ फाडली.