नेवार्क ते तंजावूर, तीस तास

"येणार ना पोरगा?" गुरुराज शास्त्रींनी सामानाच्या यादीवरून मान वर केली. "नाहीतर तुमच्या पुतण्याला बसवतो, टीचर."

"येतोय," कनकलता म्हणाली. "बापाचं पहिलं वर्षश्राद्ध. मुलगा असताना पुतण्या कशाला?"

तिनं अ‍ॅटलास उघडून त्यांच्यापुढे ठेवला. बत्तीस वर्षं तिनं शाळेत भूगोल शिकवला होता.

नेवार्क ते फ्रँकफुर्ट. सहा हजार दोनशे किलोमीटर. साडेसात तास.

फ्रँकफुर्ट ते मुंबई. साडेसहा हजार. आठ तास.

मुंबई ते मद्रास. एक हजार तीस. पावणेदोन तास.

मधले थांबे, पुढचा रस्ता. सगळे मिळून तीस तास.

"मी कुंभकोणमपर्यंत बसलो तरी कंबर धरते," शास्त्री म्हणाले.

"आणि अमेरिकेतलं घड्याळ साडेदहा तास मागं."

"म्हणजे आपण जेवायला बसलो की ती माणसं घोरत असणार. बरं आहे."

पाच वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्यानं, वैद्यनाथांनी, पापनाशमची शेती विकून मुलाला, प्रणवेशला, अमेरिकेला धाडलं. राजवाड्यामागच्या गल्लीतून तिकडे गेलेला तो पहिलाच. वैद्यनाथ शेवटपर्यंत ते ज्याला त्याला सांगत. प्रणवेश पत्रं लिहीत नसे. फोन करी.

वैद्यनाथ गेले तेव्हा हेच तीस तास आडवे आले. अग्नी पुतण्यानं दिला. तेराव्याला रजा मिळाली नाही.

श्राद्ध परवा, शुक्रवारी.

दुपारी एक वाजता फोन वाजला. आवाज अगदी शेजारच्या खोलीतून आल्यासारखा.

"अम्मा, इथं बर्फ पडतोय. विमान रद्द झालं."

"दुसरं?"

"शुक्रवारी. म्हणजे नाहीच जमत. तीस तासांचा प्रवास, तुला माहीतच आहे."

"जेवलास?"

"आत्ताच उठलो पानावरून. तू?"

"अजून नाही."

"अम्मा, रागावलीस?"

तिनं घड्याळाकडे पाहिलं. तिकडे रात्रीचे अडीच.

"काय म्हणतो?" शास्त्रींनी विचारलं.

तिनं रिसीव्हरवर तळवा ठेवला. "बर्फ पडतोय तिकडे. विमान रद्द झालं."

शास्त्रींनी यादीची घडी घातली. "त्याचा तरी काय इलाज. मी जाता जाता पुतण्याला सांगतो. दर्भ आणि तीळ मीच घेऊन येईन, तुम्ही धावपळ करू नका."

"उद्यापर्यंत थांबा. कुणाला काही सांगू नका."

"टीचर, बर्फ काय उद्या तुमचं ऐकणार आहे?"

"थांबा म्हटलं ना."

ते चपला घालून गेले. फाटकाची कडी वाजेपर्यंत ती तशीच उभी राहिली. मग तळवा काढला.

"शास्त्री गेले," ती म्हणाली. "आता ऐक. तू मद्रासलाच असशील. मद्रासच्या बसस्टँडवरून रात्री साडेनऊला तंजावूरची बस सुटते. आठ तास लागतात. ये. लोकांना मी सांगते, विमान मिळालं म्हणून."