पाच रुपये आणि नारळ

घाटकोपरच्या आमच्या चाळीत सुलक्षणाबाई सुईण बाळंतपणाला आल्या की दारातच दर सांगत: मुलगा होवो, मुलगी होवो, पाच रुपये आणि नारळ. छप्पन साली माझी माणिक झाली, तेव्हा सासूबाईंनी मुलीच्या रिवाजाप्रमाणे दोनच रुपये पुढे केले. बाई उंबऱ्यातच बसल्या. “नऊ महिने दोघांनाही लागतात, काकी. मग दरही सारखाच.” सासूबाईंनी कुरकुरत पाच रुपये दिले, नारळही दिला. तीन वर्षांनी मुलगा झाला. सासूबाईंनी हरखून पंचवीस रुपये आणि नवं लुगडं आणलं. बाईंनी त्यातले पाच उचलले, नारळ मागितला. “घे गं, आनंदाने देतेय!” बाईंनी दाराआडून बघणाऱ्या माणिककडे बोट दाखवलं. “आज जास्त घेतले, तर ही पोर स्वस्त ठरेल, काकी.” जाताना आपला नारळ तिच्या हातात दिला. सासूबाईंनी त्याच्या वड्या केल्या, पहिली माणिकला दिली.