पाठीशी

सिग्नल सुटला, मोटारसायकल पुढे सरकली, आणि मागे बसलेली ती नवऱ्याच्या पाठीशी बोलायला लागली.

"काल जेवताना तुझी आई पुन्हा म्हणाली, हिचा मीठ घालताना हात आखडतो का? तू समोरच बसला होतास. मोबाइलमधून मान वर काढली असतीस तर काय बिघडलं असतं रे?"

पाठ हलली नाही. हलणार नव्हतीच. हेल्मेटच्या आत नवऱ्याच्या दोन्ही कानांत इअरफोन होते. गाणी ऐकत गाडी चालवायची त्याला जुनी सवय. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर दोरखंड आणि लोखंडाचा खडखडाट. सकाळचा तेवढा वेळ माझा, असं तो म्हणायचा. वाटेत तिला ती काम करायची त्या चष्म्याच्या दुकानापाशी सोडायचा आणि पुढे कामावर जायचा.

माहेरी तिला सगळे रेडिओ म्हणत. सासरी आल्यावर तो रेडिओ हळूहळू बंद पडला. भांडण असं काही नव्हतं. नवरा पीत नव्हता, हात उचलत नव्हता. काही सांगायला गेलं की "हं" म्हणायचा, आणि त्या 'हं'वर विषय मिटायचा. मग तीही 'भाजी काय आणू' आणि 'गॅस संपत आलाय' एवढ्यावर आली.

पाठीशी बोलणं चुकूनच सुरू झालं. दुकानात एका गिऱ्हाइकाने स्वतःचा चष्मा कपाळावर चढवलेला असताना, तुम्हीच कुठेतरी ठेवलात म्हणून तिला फैलावर घेतलं होतं. ते आठवून गाडीवर तिला हसू फुटलं, आणि त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकून तिने सगळा किस्सा सांगून टाकला. मग लक्षात आलं, याच्या कानात तर गाणी आहेत. पण पाठीने मध्ये तोडलं नाही, 'हं' केलं नाही. तिला मोकळं वाटलं. दुसऱ्या दिवशी ती आपणहून बोलली. समोरासमोर ती नवऱ्याला अहो-जाहो करायची, पाठीला मात्र बिनधास्त अरे-तुरे. मनात साचलेलं सगळं ती तिथे ओतायची आणि दुकानापाशी उतरून, काही झालंच नाही अशी, पदर सारखा करायची.

त्याच सुमाराला त्याने पुलाचा रस्ता सोडून कालव्याकडचा लांबचा रस्ता धरला. "पुलावर गर्दी असते," म्हणाला.

पाऊस ओसरला, आणि एका सकाळी अंघोळ करताना तिच्या हाताला छातीतली गाठ लागली. दुखत नव्हती. तिने ना बहिणीला सांगितलं, ना सासूला. कालव्याच्या रस्त्यावर पाठीला सांगितलं.

"गाठ आहे रे. माझ्या मावशीचं असंच सुरू झालं होतं. एकटीने तपासायला जायचं धाडस होत नाही. तू नुसतं 'चल' म्हण, मी लगेच येते."

गाडी खड्ड्यातून गेली. नवऱ्याने गिअर बदलला.

मग दर चार-आठ दिवसांनी तो विषय निघायचा. मोठी झाल्यासारखी वाटते, ती म्हणायची. मग स्वतःच तो झटकून दुकानातलं काहीतरी सांगायची आणि हसायची. घरी तोंड उघडायची वेळ आली की जीभ जड व्हायची. उद्या सांगू, उद्या सांगू, असं करत थंडी संपली. मग हातही दुखायला लागला, तेही तिने पाठीलाच सांगितलं.

एका दुपारी दुकानात वरच्या फळीवरची फ्रेम काढताना काखेतून अशी कळ गेली की फ्रेम हातातून पडली. त्या संध्याकाळी तिने स्वयंपाकघरात नवऱ्याला सांगितलं.

"अहो, काल मला एक गाठ लागली."

काल हे खोटं होतं. इतके दिवस लपवलं म्हणून तो ओरडेल, असं तिला वाटलं. पण त्याने काही विचारलं नाही. कुठे, केवढी, काही नाही. "उद्या जाऊ," म्हणाला आणि जेवण अर्धवट टाकून उठला.

डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं. काखेतही बोटं दाबून पाहिली. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. हातमोजे काढत त्यांनी विचारलं, "कधीपासून आहे?"

"परवाच लागली," ती म्हणाली.

"नाही," शेजारी बसलेला नवरा म्हणाला. "पाऊस संपला तेव्हापासून आहे. थंडीत वाढली. या महिन्यात हातही दुखायला लागलाय."

तिने वळून त्याच्याकडे पाहिलं.

"आणि तुम्ही आत्ता येताय?" बाईंनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं. त्यांनी पुढच्या तपासण्या लिहून दिल्या आणि बाहेर थांबायला सांगितलं.

बाकावर बसल्यावर तिने विचारलं.

"तुमची गाणी?"

"केव्हाच बंद केली. एकदा मोबाइलचं चार्जिंग संपलं होतं. त्याच दिवशी तू त्या चष्म्याचा किस्सा सांगितलास. त्यानंतर इअरफोन नुसतेच कानात घालायचो."

"म्हणजे सगळं ऐकलंत?"

"सगळं."

"नुसतं 'चल' म्हण, असं मी म्हणाले, तेही?"

त्याने मान डोलावली.

"मग म्हणाला का नाहीत?"

आतून कोणाचं तरी नाव पुकारलं गेलं, तिचं नव्हतं.

"मी ऐकतोय हे तुला कळलं असतं," तो म्हणाला, "तर तू बोलायची थांबली असतीस."