इंजिनाचा नंबर

नरेंद्रने आपल्या गाडीच्या इंजिनावरचा तेलकट थर रॉकेलच्या फडक्याने पुसला, नंबरावर पातळ कागद धरला आणि पेन्सिल आडवी करून हलक्या हाताने फिरवली. आकडे एकेक करून उमटले. शेवटचे चार पाहून त्याचा हात थांबला. सात, दोन, सहा, एक.

त्याने दुसरा कागद घेतला आणि पुन्हा घासलं. तेच आले.

हा नंबर त्याला पाठ होता. डोळखांबच्या पाड्यांवरून आजारी माणसं, बाळंतिणी शहापूरला न्यायला शेणव्याच्या मंडळाने मारुती व्हॅन घेतली होती, तिचा हा नंबर. दरवर्षी पासिंगच्या अर्जावर तोच लिहायचा. मंडळात अक्षर चांगलं त्याचं. वैशाखात ती व्हॅन बंद पडली, म्हणून इथेच, मुरबाडच्या या गॅरेजात ओढून आणली. गॅरेजवाल्या कमळाकरने, त्याच्या दोस्ताने, पाहिली आणि सांगितलं, इंजिनाला तडा गेलाय, आता विषय संपला. नरेंद्रने सभेत उभं राहून ते तसंच सांगितलं. व्हॅन परत नेऊन शेणव्याला समाजमंदिरामागे पत्र्याखाली उभी केली.

त्याच आठवड्यात नरेंद्रच्या गाडीचंही इंजिन गेलं होतं. तशी जुनी लाल मारुती, पण कमळाकरनेच ती जमिनीला टेकेल इतकी खाली बसवून, रुंद टायर घालून, मागे पंख लावून रेसची गाडी करून दिलेली. शेणव्यात तिला विमान म्हणत. नरेंद्र रोज तिच्यातूनच भातसानगरला कामावर जायचा. कमळाकर म्हणाला, कुर्ल्याच्या भंगारात स्वस्तात इंजिन मिळालंय. चिंचेच्या फांदीला चेनपुली टांगून त्याने ते दिवसभरात चढवलं. चार महिने गाडी कुरकुर न करता धावत होती. कागदावर नंबर बदलायचा तेवढा राहिला होता. कमळाकर म्हणायचा, करू रे, घाई काय आहे.

आता कमळाकर एका जीपखाली शिरला होता. त्याचे पायच काय ते दिसत होते.

"कमळ्या," नरेंद्र म्हणाला, "हे इंजिन तू कुठनं आणलंस?"

पान्याचा आवाज थांबला. पाय हलले नाहीत.

"आज नको विचारू," जीपखालून आवाज आला. "उद्या विचार."

आज संकष्टी होती. कमळाकरचा कडक उपवास असायचा आणि त्या दिवशी तो खोटं बोलत नसे. मुरबाडात हे सगळ्यांना ठाऊक होतं. जुनी गाडी घेणारे मुद्दाम संकष्टीलाच ती त्याला दाखवायला आणत. विकणारे म्हणत, आजचा दिवस जाऊ दे.

कुर्ल्याहून, एवढं एकदा तो आत्ता म्हणाला असता, तर नरेंद्रने दोन्ही कागद फाडून टाकले असते.

कमळाकर बाहेर आला. हात पुसत समोर उभा राहिला. तडा वगैरे काही नव्हता, म्हणाला. गॅस्केट गेलं होतं, दोन दिवसांचं काम. पण व्हॅन महिन्यातून चार खेपा करणार आणि एरवी उभी राहणार. नरूला तर रोज जायचं. दुसऱ्या कुणासाठी त्याने हे केलं नसतं.

नरेंद्रने दोन्ही कागद घडी करून खिशात घातले. श्रावणात पाड्यावरच्या लहानीबाईने कळा लागलेल्या सुनेला झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणलं होतं. तो कामावरून परतत होता. त्याने दोघींना गाडीत घेतलं. गाडी दर खड्ड्याला खाली घासत होती, पळवता येत नव्हती. मागून लहानीने विचारलं होतं, आपली व्हॅन कुठं हाय रे दादा. स्टिअरिंग धरून, समोर बघत त्याने सांगितलं होतं, तिचं इंजिन मेलं, लहानीबाई. शहापूर यायच्या आत मूल गेलं.

"सभेत मी सांगितलं," तो म्हणाला. "लहानीला पण मीच सांगितलं रे."

"मग," कमळाकर म्हणाला. त्याच्या आवाजात जराही कुचकेपणा नव्हता. "तू सांगितलंस म्हणून तर ऐकलं सगळ्यांनी. मी सांगितलं असतं, तर दोघं तरी तडा बघायला आले असते."