निळ्या चपला

"झोप येत नाही म्हणून कुणी वेड्यांच्या डॉक्टरकडे जातं का? लोकांत तोंड दाखवायला जागा उरेल का?" असं म्हणून प्रासर्टनं बायकोला, लामदुआनला, उडवून लावलं होतं. आता त्याच्याच डोळ्याला डोळा लागेना.

थायलंडमधल्या लाम्पांग शहरात झोपेचा आणि मनाचा डॉक्टर एकच, आणि नंबर लावायचा तो दारात चपला ठेवून. आपल्या चपला कुणी ओळखू नयेत म्हणून त्यानं बायकोच्या, त्याच्या मते ती कधीच घालत नाही अशा जुन्या निळ्या चपला पिशवीतून नेल्या, रांगेत ठेवल्या आणि स्वतः समोरच्या नूडलच्या गाडीआड जाऊन बसला.

नंबर आला. नर्सनं चपला पाहिल्या आणि हसून हाक मारली,

"लामदुआनताई, या आत! आज तरी नवऱ्याला सांगून आलात ना?"