पिसूची परीक्षा

"पाच शब्द सांगतात ना, त्यातले दोन विसरायचे," लोमॅक्स नव्या खेळाडूला समजावत होता. "तीन विसरलास तरी चालेल. पण सगळेच विसरू नकोस, गाढवा, नाहीतर डॉक्टर तुला घरी पाठवेल."

ड्रेसिंग रूममध्ये हशा पिकला. हंगामाआधीच्या डोक्याच्या तपासणीचा दिवस होता. तिची मेख अशी, की सामन्यात डोक्याला मार बसला की हीच परीक्षा पुन्हा घ्यायचे आणि गुण आजच्या गुणांशी ताडून बघायचे. फार फरक दिसला की खेळाडू बाकावर. म्हणून ब्रॅकरशॉ क्लबची शहाणी माणसं आज मुद्दाम मठ्ठ व्हायची. मठ्ठ माणूस मार खाऊन आणखी मठ्ठ तो काय होणार!

"पिसूला विचार," लोमॅक्स म्हणाला. "त्यानं या सोंगात पदवी घेतलीय."

कोपऱ्यात कर्टिस बूथरॉइड बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत होता. तो नुसता हसला.

पिसू हे नाव त्याला गावानं दिलं होतं. रग्बी लीग हा धिप्पाड माणसांचा खेळ आणि हा एवढासा. फुलबॅक म्हणून सगळ्यांच्या मागे एकटा उभा राहायचा. समोरून कुणीतरी चेंडू उंच आभाळात मारायचा आणि त्या चेंडूखाली तीन रेडे धावत यायचे. नजर चेंडूवर ठेवायची, रेड्यांकडे बघायचं नाही, एवढंच काम. चेंडू हातात आला की कर्टिस कुणाच्या बापाला सापडत नसे. पण चेंडू हातात येताना जो दणका बसायचा, तो त्याला एकट्यालाच माहीत. उठायचा, परीक्षा द्यायचा, तेच रडके गुण मिळवायचा आणि पुन्हा मैदानात उतरायचा. लोक उभे राहून टाळ्या वाजवायचे. टाळ्या वाजवणाऱ्यांचं काय जातं म्हणा.

गेल्या हंगामात तो दोनदा आडवा झाला आणि दोन्ही वेळा त्याला उचलून न्यावं लागलं. तेव्हा जेमानं, त्याच्या बायकोनं, पाय आपटला.

"या वेळी सोंग नाही. खरीखुरी परीक्षा द्यायची. डोकं शाबूत निघालं तर खुशाल खेळ, मी हूं की चूं करणार नाही. नाही निघालं तर हा खेळ बंद."

"आणि मग काय करू? गोदामात खोकी उचलू?"

"माझं नाव लक्षात ठेव, तेवढं पुरे."

कर्टिसनं लगेच कबूल केलं. त्याला भीती नव्हतीच. इतकी वर्षं चुका मुद्दाम करत आलो, त्या केल्या नाहीत की झालं, असा त्याचा साधा हिशेब होता. आपल्याला खेळाशिवाय दुसरं काही येत नाही, हेही त्याला पक्कं ठाऊक होतं. नवा करार त्या गुणांवर अडला होता.

डॉक्टर ऑड्सली क्लबमध्येच म्हातारे झाले होते. त्यांनी शब्द वाचले. "कात्री, लिंबू, कांबळं, पूल, घोडा."

कर्टिसनं ते तिथल्या तिथे म्हणून दाखवले.

"आता महिने उलटे."

"डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर, ऑगस्ट, जुलै," असा तो जानेवारीपर्यंत एका दमात पळत गेला. मग एका पायावर उभं राहायचं होतं. पाय टेकला एकदोनदा.

"तुमची फरशी गुळगुळीत आहे हो, डॉक्टर."

"असेल, असेल. ते मघाचे शब्द सांग बघू."

"कात्री, लिंबू, चादर, पूल, बैल!" कर्टिसनं श्वासही घेतला नाही.

डॉक्टरांनी खाली मान घालून लिहिलं आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. "पळ आता."

बाहेर गाडीत जेमा नखं खात बसली होती. "खरं दिलंस ना सगळं?"

"तुझी शपथ. मुद्दाम एकही चूक केली नाही. शब्दन्‌शब्द सांगितला, जेमा."

तिनं त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं. त्याला तिच्याशी खोटं बोलता येत नसे, आणि आत्ता तो खोटं बोलत नव्हता. ती स्टिअरिंगवर डोकं टेकून ढसाढसा रडली. मग दोघांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून तळलेला मासा आणि चिप्स आणले आणि गाडीतच बसून, बोटं चाटत खाल्ले.

शुक्रवारी क्लबचा फोन आला. करार तयार होता, आणखी एक हंगाम. संध्याकाळी क्लबच्या बारमध्ये सगळे जमले. सहीसाठी पेन जेमानंच त्याच्या हातात दिलं. "खणखणीत निघालं हो डोकं," ती लोमॅक्सच्या बायकोला सांगत सुटली होती. तिला इतकं मोकळं हसताना कर्टिसनं फार दिवसांत बघितलं नव्हतं. त्यानं सही केली. त्याला फार फार बरं वाटलं.

डॉक्टर ऑड्सली बिअरचा ग्लास घेऊन त्याला बाजूला घेऊन गेले.

"खूष?"

"खूष तर! बायको उगाच घाबरली होती."

"अरे, समितीवालेही घाबरले होते. तुझे गुण बघून म्हणाले, याला सोडून देऊ. मी म्हटलं, वेडे की काय, मी या पोराला ओळखतो. दर वर्षी हेच सोंग करतो, डोकं ठणठणीत आहे. माझ्या शब्दावर झाला हो तुझा करार."

पलीकडून जेमानं कर्टिसकडे बघून ग्लास उंचावला.

"पण या वेळी जरा अतीच केलंस, लेका," डॉक्टर त्याच्या कानाशी वाकून म्हणाले. "इतके कमी गुण या क्लबात आजवर कुणी घेतले नाहीत. पुढच्या वर्षी एकदा तरी मन लावून परीक्षा दे."