सांधणीपुरते धागे

बायकांनी कुसुमताईंना न्हाऊ घातलं, कपाळभर कुंकू लावलं आणि आता त्या बायका नेसवण्यासाठी खोळंबून बसल्या होत्या. माहेरचं हिरवं लुगडं उशाशी घडी घातलेलं. पण मधल्या खोलीत मधुकररावांचा माग खटखट चालूच होता.

आंधळगावात कोष्ट्याच्या घरी असं कधी झालं नव्हतं. घरात मढं असताना मागाला कुणी हात लावतं का? अंगणातली माणसं कुजबुजत होती, म्हातारा येडा झाला म्हणून.

मधुकररावांना सगळं ऐकू येत होतं. येईना का! उभ्या जन्मात विणलेला रेशमी कोसा परक्या बायकांच्या अंगावर गेला. हा एक तुलाच नेसवीन, असं कुसुमला कबूल केलं होतं. ती खाटेवरून म्हणायची, "या न, बसा थोडे माह्याजवळ." हे म्हणायचे, "एवढं होऊ दे, मंग बसतोच." आज सकाळीही तेच म्हणाले. त्यानंतर तिने हाक मारली असेल, तर ती मागाच्या आवाजात बुडाली. हे मनात आलं की ते धोटा आणखी जोरात फेकत.

शेजारची रुखमिणी दारात आली. "भाऊजी, काहून विनून राहिले? दिवस कलला."

"नेसवाले पुरला पाह्यजे."

"अर्धा पन नाई झाला वो! आठ-दहा दिवस लागतीन."

"लागू दे."

तिच्यामागे मधुकररावांची नात करुणा उभी होती, रडून डोळे सुजलेली. परवाच तिने इंग्रजीचा धडा वाचता वाचता आजीला सांगितलं होतं, की लुगडं असो, शाल असो नाहीतर चप्पल, इंग्रजीत सगळ्याला एकच शब्द, वेअर. आजी पडल्या पडल्या हसली होती. "अवो माय! मंग नेसलं का पांघरलं, त्यायले समजते कसं?"

करुणाने पुढे होऊन मागाच्या फणीवर हात ठेवला. "आबाजी, नेसवू नका आजीले. पांघरवा."

माग थांबला. मधुकरराव विणलेल्या तुकड्यावरून हात फिरवत राहिले. छातीपासून पायांपर्यंत सहज पुरला असता. त्यांनी कात्री उचलली.

"भाऊ, फनीच्या पुढून कापा!" श्रावण अंगणातून धावत आला. दोघं तरुणपणापासून शेजारी शेजारी विणत आले होते. "मागचे धागे राहू द्या. नवा ताना कायले सांधान?"

विणकर कापड उतरवतो ते असंच. फणीत जुन्या धाग्यांची टोकं ठेवतो, नव्या तान्याचे उभे धागे त्यांना सांधतो. माग कधी उघडा पडत नाही. मधुकररावांचा माग तर त्यांच्या बापापासून उघडा पडला नव्हता.

मधुकररावांनी फणीच्या मागून कापलं आणि उरलेले धागे मुठीमुठीने ओढून काढले. श्रावणने तोंड फिरवलं.

बायकांनी कुसुमताईंना हिरवं लुगडं नेसवलं. त्यावर मधुकररावांनी स्वतः कोसा पांघरवला. न विणलेले धागे तिच्या पायांखाली लोंबत होते. मग ते तिच्या उशाशी मांडी घालून बसले.

"भाऊ, उचलाची येळ झाली," श्रावण म्हणाला.

"थांब न जरासा," मधुकरराव म्हणाले. "आता मी रिकामाच आहो."